खींवजीला विहिरीतून वर काढण्यासाठी सभागृह मिळणेबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
थळी विद्यापीठ, रोहिडागढ (मारवाड).

अर्जदार : प्रा. डॉ. गोरधनलाल छंगाणी, अधिष्ठाता, मानव्यविद्या शाखा.

विषय : 'कथा-काव्य-मानव्य महोत्सवा'त अर्धवट राहिलेली बात पूर्ण होण्यासाठी मुख्य सभागृह एका सायंकाळपुरते मिळणेबाबत, तसेच त्या प्रसंगी अर्जदारास हुंकारा देण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. (पोच नाही.)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. आपण याच मातीतले आहात. तेव्हा हुंकारा म्हणजे काय हे आपणांस सांगणे म्हणजे उंटाला वाळू दाखवण्यासारखे आहे. परंतु मागील अर्ज फिरत फिरत भांडार विभागात गेला आणि तेथून 'हुंकारा ही वस्तू आहे की सेवा, आणि वस्तू असल्यास किती नग हवेत' अशी विचारणा आली. म्हणून खुलासा करणे भाग आहे. आपल्याकडे बात, म्हणजे तोंडी रंगवून सांगायची गोष्ट, सांगणारा एकटा सांगत नाही. त्याच्या समोर एक हुंकारिया बसतो. प्रत्येक वाक्याला तो 'हूं' म्हणतो, मध्येच 'हां सा' म्हणतो, अडचणीच्या जागी 'मग?' म्हणून विचारतो. फौजेला नगारा तसा बातेला हुंकारा. तो थांबला की बात थांबते.

२. महोत्सवासाठी बात सांगणारे नामांकित बातपोश श्री. सगतदान आसिया यांना त्यांच्या गावाहून सन्मानाने बोलावण्यात आले होते. त्यांच्यासोबत त्यांचे नेहमीचे हुंकारिया श्री. भोमजी आले होते. तथापि मंचावर बसणाऱ्यांची यादी ज्येष्ठतेनुसार आधीच ठरलेली असल्याने आणि भोमजी कोणत्याच श्रेणीत बसत नसल्याने, त्यांना पाण्याच्या टाकीजवळ बसवण्यात आले. कार्यक्रमपत्रिकेत 'हुंकारा : मा. अधिष्ठाता' असे छापण्यात आले. अर्जदाराने हा सन्मान आनंदाने स्वीकारला. फेटाही बांधून घेतला. सगतदानजींनी त्याच वेळी सर्वांसमक्ष विचारले होते, "साहेब, हुंकारा हा मान नाही, काम आहे. शेवटपर्यंत बसाल ना?" आणि अर्जदाराने भरसभेत "हूं" म्हटले होते. आपण शेजारच्याच खुर्चीवर होता, आपणांस आठवत असेलच.

३. बात खींवजीची होती. दुष्काळ पडला आहे, गावच्या एकुलत्या एका विहिरीत मोट अडकली आहे, गुरे हंबरत आहेत. खींवजी कमरेला दोर बांधून खाली उतरतो. दोर कोणाच्या हातात? तर त्याचा मेहुणा हमीरा याच्या. आणि याच हमीराचा लाडका उंट गेल्या साली खींवजीने पैजेत जिंकून नेला आहे. खींवजी अर्ध्यावर पोचतो. खाली काळोख, वर बोटभर आभाळ. तो हाक मारतो, "मेहुण्या, आहेस का रे?"

नेमक्या याच क्षणी मा. कुलगुरूंची गाडी फाटकापाशी आली. आपण अर्जदाराची बाही ओढून "चला, चला, हार कोण घालणार?" असे म्हणालात. हे तक्रार म्हणून नमूद केलेले नाही, घडले ते लिहिले. अर्जदार "आलोच" म्हणून उठला. त्यानंतर मा. कुलगुरूंनी हिरवळीवर 'ऐकणे : एक लोप पावत चाललेली कला' या विषयावर भाषण केले. ते बराच वेळ चालले आणि आपण सर्व ते उभ्याने ऐकत होतो.

४. इकडे सभागृहात हुंकारा बंद पडला. विद्यार्थ्यांपैकी कोणी हुंकारा द्यावा तर भिंतीवर 'शांतता राखा, अन्यथा कारवाई' हा फलक. भोमजी टाकीजवळून धावत आले, पण सगतदानजींनी त्यांना हातानेच थांबवले. म्हणाले, "वाटेत बैल बदलता येतो भोमा, हुंकारा नाही. ज्याने धरला त्याने सोडवायचा." सूत्रसंचालकांनी प्रसंगावधान राखून त्यांना शाल व श्रीफळ दिले आणि काव्यवाचन सुरू केले. सगतदानजी मंचावरून हलले नाहीत. कवी त्यांच्या डावी-उजवीकडे उभे राहून कविता वाचत राहिले आणि सगतदानजी सवयीने प्रत्येकाला हुंकारा देत राहिले. एका तरुण कवीला तर मध्येच रडू कोसळले. त्याने नंतर अर्जदारास सांगितले, "सर, इतकी वर्षं कविता वाचतोय, कोणी 'मग?' म्हणून विचारलं नव्हतं हो."

५. महोत्सव यशस्वी झाल्याचा अहवाल आपण वर पाठवलेला आहेच. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी सगतदानजी व भोमजी अर्जदाराच्या घरी आले, अंगणातल्या खाटेवर बसले आणि तेव्हापासून तेथेच आहेत. मारवाडात दारी आलेल्याला 'कधी निघणार' असे विचारण्याची रीत नाही. तसे विचारले असते तर अर्जदाराच्या सौभाग्यवतींनी अर्जदारालाच बाहेर काढले असते. सगतदानजी पाहुणे म्हणून साधे नाहीत. बाजरीचा सोगरा त्यांना चुलीवरचाच लागतो, कढी आंबट लागते, आणि केर-सांगरीच्या भाजीला 'शहरी हात' लागला असे ते रोज न चुकता म्हणतात. दुपारी असे घोरतात की शेजारचे श्री. थानवी यांनी दोन वेळा भिंतीवर दगड मारला. पण बात पुढे सांगा म्हटले की एकच उत्तर, "भरसभेत धरलीत, भरसभेतच सोडवा. अंगणात सोडवायला ती काय शेळी आहे?"

६. यात नुसता हट्ट असता तर अर्जदाराने आपणांस त्रास दिला नसता. सगतदानजींच्या घराण्याचा नेम आहे : एक बात उघडी असताना दुसरी उघडायची नाही. कारण विचारले तर म्हणतात, "चुलीवरचं भांडं उतरवल्याशिवाय दुसरं चढवता का?" आणि येत्या आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची नात सरूप हिचे लग्न आहे. मुलाकडच्यांनी हुंडा, सोने, काहीही मागितलेले नाही. मांडवात सगतदानजींच्या तोंडून एक अख्खी बात, एवढेच त्यांचे मागणे आहे. खींवजी विहिरीत लटकत असताना ती सांगता येत नाही. व्याह्यांचा निरोप येऊन गेला की, बात नसेल तर वरात पुढल्या साली आणू. सरूप स्वतः एकदा बसने येऊन गेली. आजोबांशी भांडली, "दादोसा, तुमच्या खींवजीपायी मी अंगाला हळद लावून बसू का वर्षभर?" मग जाताना अर्जदाराकडे वळून म्हणाली, "साहेब, तुम्ही नुसतं 'हूं' म्हणायचं होतं. तेही जमलं नाही?"  

७. आता गावातील परिस्थितीबाबत. अर्जदार भाजीला गेला तर माळीण तराजू हातात धरून विचारते, "त्याला वर काढलं का?" वसतिगृहातील आचाऱ्यांत दोन तट पडले आहेत. हमीरा दोर सोडणार म्हणणाऱ्यांनी पोळ्या लाटायच्या आणि धरणार म्हणणाऱ्यांनी भाजायच्या अशी वाटणी झाली होती, तीही आता मोडली आहे. तर्कशास्त्राच्या परीक्षेत एका विद्यार्थ्याने प्रत्येक प्रश्नाखाली 'आधी खींवजीचे सांगा' एवढेच लिहिले आणि परीक्षकांनी त्यास उत्तीर्ण केले. अर्जदाराच्या घरात तर उघड युद्ध आहे. अर्जदाराचे मेहुणे श्री. मेघराज बोहरा जेवायला आले असता म्हणाले, "दुसऱ्याचा उंट नेणाऱ्याचा दोर सोडलाच पाहिजे!" (त्यांची मोटारसायकल अर्जदाराकडे तीन वर्षे आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होय.) सौभाग्यवतींनी भावाचीच बाजू घेतली. त्या रोज ताट वाढताना म्हणतात, "एवढे शिकलात, फेटा बांधून मिरवलात, आणि माणसाला विहिरीत टांगून हार घालायला गेलात. जेवा आता!" असे जेवण अंगी लागत नाही.

८. अर्जदाराच्या तीन अर्जांवर आपल्याकडून उत्तर नसले तरी इतर विभागांनी आपापल्या परीने हालचाल केली, त्याबद्दल आभार. वित्त विभागाने कळवले की महोत्सवाची मुदत संपल्याने उर्वरित बात पुढील वर्षाच्या तरतुदीत धरावी. महोत्सव कक्षाने सुचवले की बातेचा राहिलेला भाग सारांशरूपाने एका पानात लिहून द्यावा, म्हणजे तो ऐकण्याची गरज आहे किंवा कसे हे ठरवता येईल. सगतदानजींना हे सांगितले असता ते हसले. इतके हसले की भोमजींनी पाठ चोळली. ध्वनी विभागाने मात्र कमालच केली. त्यांनी अर्जदाराच्या आवाजातील 'हूं' भरून घेऊन एक यंत्र अंगणात आणून ठेवले. यंत्र ठरावीक वेळाने 'हूं' म्हणत असे. सगतदानजींनी त्याच्याकडे बघून खाकरून पाहिले, यंत्र म्हणाले 'हूं'. त्यांनी विचारले, "पाणी देतोस का बाबा?" यंत्र म्हणाले 'हूं'. पाणी आले नाही. तेव्हा सगतदानजी म्हणाले, "हा तुमच्या विद्यापीठाचा माणूस दिसतो." यंत्र परत पाठवण्यात आले आहे.

९. सभागृह मागितले तर ते आखातीजेपर्यंत आरक्षित आहे असे कळले. तेथे 'मौखिक परंपरेतील श्रोत्यांचा सहभाग' या विषयावर चर्चासत्र आहे. चर्चासत्रात श्रोत्यांनी बोलू नये अशी सूचना दारावर लागली आहे. या चर्चासत्राचे अध्यक्षपद अर्जदाराकडेच आहे. अर्जदार ते या अर्जान्वये सोडत आहे. चर्चासत्राची एक सायंकाळ रिकामी करून मिळावी, एवढीच विनंती.

१०. सबब प्रार्थना अशी की, आखातीजेपूर्वी एका सायंकाळी मुख्य सभागृह द्यावे. 'शांतता राखा' हा फलक त्या वेळेपुरता तरी उतरवावा. भोमजींना पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी. त्या दिवशी सभेत जे होते त्यांनी यावे. त्यांत आपणही होता. आणि कोणाचीही गाडी आली तरी अर्जदाराची बाही ओढू नये. अधिष्ठात्याने हुंकारा देणे पदाच्या प्रतिष्ठेला बाधक आहे असे कार्यालयाचे मत असल्यास, हाच अर्ज अर्जदाराचा अधिष्ठातापदाचा राजीनामा समजावा. पदाची शपथ अर्जदाराने बंद खोलीत चार माणसांसमोर घेतली होती. 'हूं' भरसभेत म्हटले होते.

११. इतके लिहून अर्जदार थांबणार होता. परंतु काल संध्याकाळी एक गोष्ट घडली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. अर्जदार अंगणात बसून हाच अर्ज लिहीत होता. सगतदानजींनी विचारले, "काय लिहिताय?" अर्जदार म्हणाला, "चौथा अर्ज." "पहिल्या तिन्हींचं काय झालं?" "काही कळलं नाही. साधं 'मिळाला' असंही कुलसचिव कळवत नाहीत." सगतदानजी म्हणजे रोज टोमणे मारणारा माणूस, मला वाटले आताही एखादा मारतील. पण त्यांनी खाट माझ्याजवळ ओढली आणि म्हणाले, "वाचा साहेब. मी बसलोय." मी पहिल्यापासून वाचत गेलो. प्रत्येक वाक्याला ते म्हणाले, "हूं." मेहुण्यापाशी "हां सा" म्हणाले. सरूपपाशी त्यांनी मान खाली घातली. शेवटी म्हणाले, "मग?" आणि महोदय, पुढे लिहिलेलेच काही नव्हते. चार अर्ज लिहिले, पण पुढे काय असे मला कोणी पहिल्यांदाच विचारत होते. त्या दिवशी सभेत मी उठून गेलो तेव्हा त्या म्हाताऱ्याचे काय झाले असेल, ते मला तेव्हा समजले.

खींवजी अजून विहिरीत आहे. त्याने विचारले आहे, 'आहेस का रे?' मीही आपणांस चौथ्यांदा तेच विचारतो आहे. सभागृह नाही मिळाले तर नाही. पण अर्ज पोचला, आपण वाचलात, एवढे कळावे म्हणून एक अक्षर लिहून पाठवावे. मोठा शेरा नको, सही-शिक्का नको. नुसते 'हूं' पुरे.

आपल्या उत्तराचा दोर धरून बसलेला,
आपला नम्र,
(गोरधनलाल छंगाणी)
रोहिडागढ, चैत्र वद्य एकादशी

सोबत :
(अ) महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका, 'हुंकारा' या ओळीखाली रेघ मारून.
(आ) यापूर्वीच्या तिन्ही अर्जांच्या प्रती.
(इ) सरूपच्या लग्नाची पत्रिका. आपणांसही आग्रहाचे निमंत्रण आहे. लग्न होणार की नाही ते आपल्या हातात आहे.
(ई) एक पोस्टकार्ड. त्यावर अर्जदाराचा पत्ता लिहिला आहे. मजकुराची जागा कोरी आहे.