कागदावरची तीन डोकी

ग्लेंडेल, ऑक्टोबरातला दुसरा गुरुवार

आदरणीय अरुस्याक मायरिक यांना माजी जावई मिसाक याचा वाकून नमस्कार.

पाकिटावरचं नाव बघून तुम्ही हे पत्र चुलीत घालायला निघाला असाल, तर जरा थांबा. पाकीट जाड आहे, नीट जळणार नाही. त्यापेक्षा वाचून टाका. मी अजून तुम्हाला मायरिक, म्हणजे आईच म्हणतो याचा राग मानू नका. घटस्फोटाच्या कागदावर नवार्दचं नाव होतं, माझं होतं, न्यायाधीशांचं होतं. तुमचं कुठेच नव्हतं. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे तुमचा-माझा काडीमोड अजून झालेला नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत? ग्युमरीत थंडी पडायला लागली असेल. कॉफीचे उलटे कप वाचून लोकांचं भविष्य सांगणं अजून चालू आहे ना? (तुम्ही माझ्या लग्नाच्या दिवशी माझा कप बघून "लांबचा प्रवास आणि पुष्कळ कागद" म्हणाला होता. लोक हसले होते. मीच मूर्ख, मी पण हसलो.) माझी तब्येत उत्तम आहे. केस गेले, दात आहेत. दात कोण सांभाळतं ते पुढे येईलच.

आता मुद्द्याचं सांगतो, म्हणजे मुद्दा असा काही नाही, सहजच लिहितोय. माझी आई, म्हणजे तुमच्या भिंतीपलीकडची सातेनिक, हिला इकडे अमेरिकेत आणायचा अर्ज मी भरला हे तुम्हाला ठाऊक आहेच. आईने ते कुणाला सांगितलं नसेल असं ग्युमरीत एकही घर नसेल. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात ती तंदूरखोलीच्या पायरीवर बर्फावरून घसरून पडली तेव्हा तुम्हीच तिला उचलून घरात नेलंत. पुढे तीन आठवडे रोज दह्याच्या गरम स्पासचं भांडं तिच्या दारात ठेवलंत, आणि या तीन आठवड्यांत तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत. आमच्या घटस्फोटापासूनचा पाच वर्षांचा अबोला एका मोडलेल्या खुब्यासाठी सोडायचा नाही, हा तुमचा बाणेदारपणा मला मनापासून आवडला. पण पुढच्या बर्फात तुम्ही बाजारात गेलेल्या असलात तर? या एका विचाराने मला झोप येईना, आणि मी अर्ज भरला.

अर्ज भरणं सोपं. अवघड आहे ते हमीपत्र. आईला पोसायची ताकद मुलात आहे की नाही, हे मुलाने सरकारला दाखवायचं. त्यासाठी घरात डोकी किती ते मोजतात, आणि तेवढ्या डोक्यांना पुरेल इतका पगार मागतात. मी तेव्हा एका बेकरीत व्यवस्थापक होतो. पगार चांगला, मालकाचं पत्र चांगलं. मी, आई, डोकी दोन. मी ऐटीत झावेनकडे गेलो. हा झावेन झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला बसून फॉर्म भरून देतो. वकील नाही, पण वकिलांची चहाडी करण्याइतकं त्याला सगळं माहीत असतं. त्याने पेन्सिल कानामागून काढली आणि लिहिलं : तीन.

मी म्हटलं, तिसरं कोण?

"नवार्द," तो म्हणाला. "तिला इकडे आणलंस तेव्हा हमी लिहून दिली होतीस ना?"

"अरे, आमचा घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली."

"घटस्फोट तुम्ही दोघांनी घेतलात, मिसाक जान. सरकारने घेतलेला नाही."

तर मायरिक, कायदा असा आहे की बायको सोडून गेली तरी कागदावरून जात नाही. ती जायचे मार्ग चार. एक, तिने इथलं नागरिक व्हायचं. दोन, तिची दहा वर्षं नोकरी व्हायची (सात झाली आहेत). तीन, तिने देश कायमचा सोडायचा. चौथा मार्ग वरचा आहे. तो मी मनातही आणला नाही, किंवा आणला असला तर लाल सिग्नल पडला होता तेवढ्यापुरताच. असो. बेकरीचा पगार तिघांनाही पुरत होता. मी म्हटलं, राहू दे बापडी कागदावर, कागदावर काय ती खातेय थोडीच.

आणि बेकरी बंद पडली. मालक मुलाकडे दुसऱ्या गावी निघून गेला, जाताना मला पिठाची चाळण देऊन गेला. (चाळण हमीपत्राला जोडता येत नाही. मी विचारलं होतं.) दोन महिने रिकामा बसलो आणि मग बाग्रातने मला कामावर घेतलं. बाग्रातचं अंत्यसंस्काराचं दुकान आहे, मी त्याची शववाहिनी चालवतो. काम शांततेचं आहे, गिऱ्हाईक रस्ता चुकलास म्हणत नाही. पण पगार दोन डोक्यांपुरता. बाग्रातने सरकारसाठी पत्र लिहून दिलं, तेही त्याच्या पद्धतीने : मिसाक आमच्याकडे कायम आहे, आमच्याकडे आलेला माणूस सहसा परत जात नाही.

आईला मी नवी नोकरी कशी सांगणार? मी फोनवर म्हटलं, मोठ्या माणसांना त्यांच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या दिवशी गाडीतून नेतो. यात खोटं काय आहे? पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आई येरेवानला अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला गेली, तो निळा कोट घालून, जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी घेऊन (बरणी दारावरच काढून घेतली). साहेबाने विचारलं, मुलगा काय करतो? पुढचं तिनेच मला अभिमानाने ऐकवलं.

"मी म्हटलं, साहेब, शहरातली बडी बडी माणसं माझ्या मिसाकच्या गाडीतून जातात. फुलं लावलेली काळी गाडी. मागे पन्नास गाड्या, सगळे हळू चालतात, कुणी पुढे जात नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, आणि कुणाची तक्रार? मी म्हटलं, आजवर एकाचीही नाही."

साहेबासमोर बाग्रातचं पत्र होतं. तो भला माणूस, हसला नाही म्हणे. आईला एक चिठ्ठी दिली : तीन डोक्यांना हा पगार पुरत नाही, वर्षाच्या आत नवे कागद आणा. आई घरी आली आणि गल्लीत सांगत सुटली की साहेब इतका खूश झाला की मुलाचे आणखी कागद बघायला मागितले. हे तुम्ही भिंतीपलीकडून ऐकलंच असणार.

मग मी नवार्दकडे गेलो. सहा वर्षांनी. ती दाताच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, लोकांना वेळा देते, आणि तिचा पगार माझ्याहून जास्त आहे (हे तुम्हाला तिने सांगितलं असेलच, मलाही तिने आधी तेच सांगितलं). मी दात दुखतो म्हणून वेळ घेतली. दात खरंच दुखत होता, त्यामुळे डॉक्टरच्या खुर्चीतून बाहेर आलो तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं आणि त्याच तोंडाने मी तिला विनवलं की बाई, कृपा करून नागरिक हो.

"नाही होणार," ती म्हणाली. "तुझ्याकडून मला मिळालं काय? एक किटली आणि हा हमीचा कागद. किटली फुटली. कागद मी सोडणार नाही."

तोंड बधिर असल्यामुळे मला भांडता आलं नाही. आमच्या संसारात ही पहिलीच वेळ. शेवटी तीच म्हणाली, "पडली कशी सातेनिक मायरिक?" मी सांगितलं. तुमच्या स्पासचंही सांगितलं. ती वेळापत्रकाची पानं उलटत म्हणाली की परीक्षेची भीती वाटते, इतिहास कधी डोक्यात शिरला नाही, कुणी शिकवत असेल तर बघू.

म्हणून दर गुरुवारी सात वाजता मी तिला इतिहास शिकवायला जाऊ लागलो. मायरिक, तुमची मुलगी हुशार आहे, पण उत्तरं स्वतःची देते. मी विचारलं, लोक युरोप सोडून इकडे का आले? पुस्तकात आहे, धर्माच्या स्वातंत्र्यासाठी. ती म्हणाली, "सासवांना कंटाळून." मी विचारलं, नागरिकाचं एक कर्तव्य सांग. म्हणाली, "वेळेवर घरी येणं." पाच महिने असे गेले. ती पास झाली, हात वर करून शपथ घेतली, मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी झावेनने पेन्सिलने तीनचे दोन केले. एकदाचा सुटलो असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात बाग्रातने माझे तास अर्धे केले. त्याच्या पुतण्याने नवी गाडी घेतली आणि या वर्षी लोकही मनासारखे मरत नाहीत म्हणे. आता डोकी दोन, आणि पगार दीड डोक्याचा.

पुढच्या गुरुवारी मला जायचं काही कारण नव्हतं. परीक्षा झाली होती. तरी सातला मी तिच्या दारात उभा होतो, पायांना सवय. तिने कॉफी केली होती. कप दोन होते. मला त्या कपांकडे बघून काय झालं ते मी लिहीत नाही, तुम्ही कपांतलं वाचणाऱ्या आहात.

असो. आमचं हे असं चाललंय. थोरांना नमस्कार, कोंबड्यांना दाणे, आणि भिंतीपलीकडे माझी आई दिसली तर, बोलू नका, पण नुसतं बघून घ्या.

तुमचा (कागद काहीही म्हणो)
मिसाक

ता. क. झावेनने परवा पेन्सिल पुन्हा काढली. तो म्हणाला, "वेड्या, तू तिला वजा करायला वर्ष घालवलंस. बेरीज का करत नाहीस? एका घरातल्या नवरा-बायकोचा पगार एकत्र धरतात." डोकी पुन्हा तीन, पण पगार दोन. मी नवार्दला हे सांगितलं, आणि ते फक्त पगारासाठी सांगत नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, "तीन वर्षांचे कराचे कागद आण, मालकाचं पत्र आण, मग बघू. आणि पहिल्या वेळेसारखं रीतसर मागायचं. तुझ्या आईने माझ्या आईच्या दारात जाऊन." म्हणून नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी जेवणानंतर आई कोन्याकची बाटली घेऊन तुमच्याकडे येईल. तिला अंगणातून यायला वेळ लागतो, काठी असते. तिने दार वाजवलं तर उघडा, मायरिक. बोलायची गरज नाही. नुसती बाटली उघडलीत तरी आम्ही होकार समजू.

ता. क. दोन. शववाहिनीचं आईला अजून माहीत नाही. तुम्ही सांगू नका. (सांगालच. पण कोन्याकनंतर सांगा.)

ता. क. तीन. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आत्ताच आईचा फोन आला. त्या रविवारी तुमच्याकडे येते म्हणाली, पण अमेरिकेला येत नाही म्हणाली. मी विचारलं, का? "तिकडे लावाशच्या रोट्यांची कणीक लाटायला माणूस मिळेल," ती म्हणाली, "पण मी तंदुरात हात घालताना शेजारी बसून न बोलणारं कोण मिळणार?" गेली सहा वर्षं दर शरदात तुम्ही दोघी एकमेकींकडे न बघता अख्ख्या हिवाळ्याचा लावाश भाजता, हे मला माहीत होतं. त्याला ती काय म्हणते हे माहीत नव्हतं. मी नवार्दला फोन केला. ती आता नागरिक आहे, तिलाही आई आणता येते. सोमवारी ती तुमचा अर्ज भरते आहे. झावेनने तीनचे चार केले, आणि आमचे दोन पगार मिळून साडेतीन डोक्यांनाच पुरतात. तेव्हा बाटली उघडण्याआधी नीट विचार करा, कारण मी पुन्हा नोकरी शोधायला लागलो आहे.