अण्णांचा पटका आणि माझं हेल्मेट

३ मार्च
अण्णा सांगोल्याहून आले. मेंढरं चुलत्याकडे सोपवून. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. स्कूटीवर नेणार म्हणून हेल्मेट पुढं केलं, तर हसले. "पटका हाय की. वर आनि ह्ये भांडं कशाला?" पटक्यावरून चढवून बघितलं, चढेना. पटका काढायला तयार नाहीत. आमच्यात चारचौघांत पटका उतरतो तो मयतीलाच. आई गेली तेव्हा एकदा बघितलेलं. मी म्हटलं, हेल्मेटशिवाय नेणार नाही. ते म्हणाले, जाऊ चालत. हट्टी. मीही त्यांचीच.

५ मार्च
आज घरात पटका सोडला. दारापासून पार चुलीपर्यंत कापड! अण्णा एकेक सांगत गेले. दोर तुटला तेव्हा यानंच विहिरीतून पाणी काढलं. नुकतं जन्मलेलं कोकरू यातच बांधून आणलं. माळावर गारपीट झाली, मेंढरं मेली, अण्णांचं डोकं शाबूत. ऐकतच राहिले. कारखान्यात पोचायला उशीर.

८ मार्च
डाव्या हातानं लिहितेय. एमआयडीसीतून येताना कुत्रं आडवं आलं, घसरले. डोकं दुभाजकावर. हेल्मेट कानापासून मागपर्यंत तडकलं, डोक्याला साधं टेंगूळ नाही. अजून खरं वाटत नाही. उजवा हात मात्र सोलला, रक्त थांबेना. कारखान्यातल्या शबानानं रिक्षात घातलं, दवाखान्याच्या वाटेवरच घर. अण्णा दारातच होते. सगळी गल्ली बघत असताना त्यांनी पटका उतरवला. मी घाबरले. "अण्णा, मी जिवंत हाय."
"म्हाईत हाय. हात दे."
गच्च बांधला. मग शबाना दवाखान्यात घेऊन गेली.

९ मार्च
सकाळपासून फुटकं हेल्मेट अण्णांच्या मांडीवर. तड्यावरून अंगठा फिरवतायत. कचऱ्यात टाकते म्हटलं, तर रागावले. "पोरगी राखली त्येनं. फेकायची वस्तू हाय व्हय?" देव्हाऱ्याजवळ ठेवून हळदकुंकू लावलं. एरवी मी हसले असते. आज मीही हात जोडले.

११ मार्च
उद्या डोळा. शबाना स्कूटीवर नेणार. नवं हेल्मेट खुर्चीवर. पटका धुतला, डाग पूर्ण गेला नाही. अण्णा डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेले. जेवताना एकदम, "तितं पोचल्यावर पटका बांधायला आरसा आसंल का?"

१२ मार्च
शबाना बाहेर हॉर्न देतेय. अण्णा उंबऱ्यात, एका हातात पटका, दुसऱ्यात हेल्मेट. गल्लीत माणसं.
"तू हिकडं बगू नगंस."
भिंतीकडे तोंड करून लिहितेय. हेल्मेटचा पट्टा लागल्याचा आवाज अजून आलेला नाही. गाडीही सुरू झालेली नाही.