प्रमिलाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स

२८ ऑक्टोबर २००३, मंगळवार

गेलं एकदाचं! चेतन नव्हे, तो परवा जाणार. विंडोज गेलं.

सकाळपासून पोरगा कॉम्प्युटर मांडून बसला होता. "बाबा, हा व्हायरसचा अड्डा झालाय. आणि हे विंडोज तुम्ही आणलंत कुठून? कोठीच्या बाजारातल्या खाजाभाईकडून! चोरीचं आहे हे." मी म्हटलं, सगळी कोठी हेच विकते, मी काय जगावेगळं केलं? तर म्हणतो, "आयुष्यभर कोर्टात शिरस्तेदारी केलीत आणि घरात चोरीचा माल?"

लागलं मला ते. म्हटलं, घाल बाबा तुझं लिनक्स. फुकट आहे म्हणे, आणि चोरीचंही नाही. सुरू होताना एक बदक दिसतं. पेंग्विन आहे तो, असं चेतन म्हणाला. मला बदकच दिसतं.

त्याच्या आईला, प्रमिलाला, कुणी विचारलंच नाही. खरं तर कॉम्प्युटर तिचा. मी फक्त धूळ पुसणारा. संध्याकाळी तिनं नवा पडदा पाहिला आणि हसून म्हणाली, "हे चेतनचं नवीन आहे ना? शिकेन मी हळूहळू."

३० ऑक्टोबर

चेतन सिंगापूरला गेला. घर खायला उठतंय. बेगमपेटच्या विमानतळावरून ऑटोनं परतलो. घरी आल्यावर प्रमिलानं ताटं घेतली — तीन. सवय.

४ नोव्हेंबर

काय कटकट आहे ही! विंडोजमध्ये दोनदा टिचकी मारायची, इथं एकदाच. हिच्या बोटाला दोनदाची सवय. त्यामुळे एकाच्या जागी दोन खिडक्या उघडतात, त्या बंद करायला गेली की आणखी दोन. आज मेलच्या खिडक्यांचा ढीग झाला. घाबरून उठून आत गेली.

मी चारदा समजावलं. एकदा, फक्त एकदा! हौ हौ म्हणते, आणि परत दोनदा.

आता मला सांगा, या बाईनं बरकतपुऱ्यात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. हिच्या हाताखालून किती पोरी सचिवालयात लागल्या! अशा बाईला यंत्र जमत नाही? यंत्रातच खोट आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

चेतनचा फोन. "बाबा, आईनं काल तीच मेल परत परत पाठवली. शब्द न् शब्द तोच."

म्हटलं, तुझ्या लिनक्सचे प्रताप! एकदा धाडलं की दहादा धाडतंय.

"तसं होत नाही, बाबा."

"मग कसं होतं?"

तो हळूच म्हणाला, "त्यात लिहिलंय, दिवाळीला नक्की ये. मी आत्ताच येऊन गेलो ना?"

पुढच्या दिवाळीचं म्हणत असेल! आई आहे, विचारणारच. एवढं काय त्यात. फोन मीच ठेवला.

१५ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावरच्या कुसुमताई आज जिन्यात थांबल्या. म्हणे, "भावजी, राग नक्को मानू. वहिनी काल सुलतान बाजारात भेटल्या. ब्लाऊजपीस हातात, आणि मला विचारतात, बरकतपुऱ्याला, आपल्या घरी, कुठून जायचं. मीच घेऊन आले. एकदा डॉक्टरला दाखवा की."

मी म्हटलं, सुलतान बाजारातली गर्दी बघितलीत का? दुकानं रस्त्यावर आलीत, मलासुद्धा दिशा कळत नाही! फार कडक बोललो. कुसुमताईंचा चेहरा पडला.

पण खरं सांगायचं तर घरात हे बदक आल्यापासून प्रमिला परेशान आहे. कुठंही गेली तरी डोक्यात तेच घोळतं. माणूस रस्ता चुकणार नाही तर काय!

२१ नोव्हेंबर

दूध जळालं. स्वयंपाकघर धुरानं भरलं, गॅस तसाच चालू. प्रमिला कॉम्प्युटरसमोर बसलेली. काय करतेस म्हटलं. "बघतेय." पडदा काळा होता. बटणच दाबलं नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज मी परीक्षा घेतली. तिला सांगितलं नाही, परीक्षा आहे म्हणून.

लिहायची कोरी खिडकी उघडून दिली, इंग्रजी पेपर घेतला आणि वाचायला लागलो. अग्रलेख! आणि काय सांगू — बोटं सुटली तिची. नजर खिडकीबाहेर कडुनिंबावर, पाठ ताठ, आणि बोटं आपली धावतायत. मीच वाचताना अडखळलो. शेवटी पडद्यावर पाहिलं. एक चूक नाही. एकसुद्धा!

डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. मनात म्हटलं, आरोपी निर्दोष. बोलवा त्या कुसुमताईंना, बोलवा चेतनला!

मग म्हटलं, छान, आता चेतनला दोन ओळी लिही. तुझ्या मनानं.

हात कळांवर ठेवून बसून राहिली. बराच वेळ. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, सांगा ना. तुम्ही सांगाल ते टाइप करते."

जन्मभर डिक्टेशनचं काम. त्यामुळेच असणार.

१४ डिसेंबर

चेतनशी कडाक्याचं भांडण. कोठीत मेंदूचे कुणी मोठे डॉक्टर आहेत म्हणे, तिकडूनच नाव शोधून काढलंय त्यानं. "बाबा, वेळ घालवू नका. लवकर कळलं तर बरं असतं."

काय लवकर कळायचंय? मी ओरडलो, "आधी तुझं ते बदक काढ माझ्या घरातून! दिवाळीपर्यंत तुझी आई ठणठणीत होती!"

तो म्हणाला, "नव्हती, बाबा. दिवाळीत तिनं मला दोनदा तुमच्या भावाच्या नावानं हाक मारली. तुम्ही तिथंच होता."

होतो. आपण सगळेच नावं चुकतो.

प्रमिला दारात उभी होती. कुणाचा फोन, विचारलं. मी म्हटलं, राँग नंबर. बापानं मुलाला राँग नंबर म्हणायची वेळ आली.

२० डिसेंबर

आज चहा पिता पिता एकदम म्हणाली, "माझे पत्ते कुठं गेले हो?"

कॉम्प्युटरवरचे पत्ते! विसरलोच होतो मी. विंडोज होतं तेव्हा रोज दुपारचा चहा झाला की एक डाव मांडायची. जमला की स्वयंपाकघरापर्यंत आवाज — "लागला हो, लागला!" आणि मी पेपरामागून म्हणायचो, लॉटरी लागल्यासारखी ओरडू नकोस. दिवाळीपासून तो आवाज ऐकला नाही.

लिनक्समध्येही पत्ते आहेत. शोधून लावून दिले. तिनं बघितलं, एक पान इकडून तिकडं केलं. मान हलवली. "हे आपले नव्हेत."

बरोबर आहे तिचं! आपले नव्हेतच. तिला आठवतंय म्हणजे डोकं शाबूत आहे. जे होतं ते काढून घेतलं म्हणून ती हरवली. परत दिलं की परत येईल. मला तो आवाज पाहिजे. दुसरं काही नको.

ठरलं.

३ जानेवारी २००४, शनिवार

कोठी. खाजाभाईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे उघडे डबे आणि वायरी. "लिनक्स निकालना है? हौ अंकल, कर देतुं. आजकल तो एक्सपी चल रा, नया डालूं?"

मी जवळजवळ किंचाळलोच. नया नक्को! जुनं. तेच. तोच पडदा, तेच पत्ते, सगळं त्याच जागी.

"जैसा था वैसाच?"

"जैसा था वैसाच."

विचित्र नजरेनं बघितलं त्यानं. बघू दे. चोरीचा माल आहे, माहीत आहे मला. शिरस्तेदार गेला खड्ड्यात. चेतनला कळवायचं नाही.

५ जानेवारी

झालं! प्रमिलाला कुसुमताईंकडे बसवून ठेवलं होतं. (त्यांची माफी मागितली. त्या नुसत्या "असू द्या भावजी" म्हणाल्या.) खाजाभाई येऊन काम करून गेला. बदक गेलं. तोच मोरपंखी रंगाचा पडदा, डाव्या कोपऱ्यात तीच कळ. मी स्वतः दोनदा टिचकी मारून पाहिली — एकच खिडकी उघडते. पत्ते उघडून पाहिले. तेच, पाठीवरच्या नक्षीसकट.

एक डाव मांडून बसलो. हरलो. एकटाच हसलो.

तिला अजून सांगितलं नाही. उद्या चहानंतर दाखवणार. तिच्या आवडीची उस्मानिया बिस्किटं आणून ठेवलीत. या वयात बायकोला लाच! किती दिवसांनी घरात बरं वाटतंय.

६ जानेवारी

चहा झाल्यावर खुर्चीवर बसवलं. पत्ते मांडूनच ठेवले होते.

खूप वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळली, हसली.

"हे चेतनचं नवीन आहे ना? शिकेन मी हळूहळू."

हो म्हटलं.