तांब्याबाहेरचं पाणी

आई, आज होळी गावच्या एका आजींना घरी सोडलं, आणि तेव्हापासून मनात तुझ्याशीच बोलतेय, म्हणून लिहायलाच बसले. त्यांचं हृदय तुझ्यासारखंच थकलेलं, अंगात पाणी साचायचं. इंजेक्शनं देऊन ते काढलं, पायांची सूज उतरली, वजनही उतरलं. चार दिवसांपूर्वी त्यांचा मुलगा सातिवलीच्या कारखान्यातून थेट वॉर्डात आला. "मॅडम, आता सोडा ना. शनिवारी भाचीची हळद, रविवारी लग्न. आई नको का?" आजी तर चपला घालूनच बसल्या होत्या. मी सोनोग्राफीचा प्रोब त्यांच्या पोटावर टेकवला. हृदयाकडे जाणारी मोठी शीर पडद्यावर तट्ट फुगलेली. श्वास आत घेतला की ती आक्रसायला हवी, पण ढिम्म हलेना, म्हणजे आत पाणी अजून होतंच. फुफ्फुसांतही पाण्याच्या पांढऱ्या रेघा. म्हटलं, नाही सोडणार. मुलगा चिडला. चिडू दे.

पण हे पाणी येतंय कुठून, ते कळेना. पिण्याचं तर मोजून देत होतो. शेवटी आजींनाच विचारलं, तर त्यांनी कॉटखाली बोट दाखवलं. घरच्या वाडीतली शहाळी. "अगं बाय, शहाळं म्हणजे काय पाणी का? ते तर औषध."

आणि त्या क्षणी मी पुन्हा शाळकरी, आपल्या निर्मळ गावी, आपल्या स्वयंपाकघरात. डॉक्टरांनी तुला दिवसाला एकच तांब्या पाणी सांगितलंय. तू तो ओट्यावर झाकून ठेवतेस आणि मी शाळेतून आले की ऐटीत दाखवतेस, "बघ, अजून अर्धा आहे." मागच्या दारी बाबा तुझ्यासाठी शहाळं सोलतायत. ते कुणी तांब्यात धरलंच नाही. आपल्याकडे कोण धरतं? डॉक्टरांनी अंगठ्याने तुझी नडगी दाबली, खड्डा पडला नाही, म्हणाले, सूज नाही, छान आहे, घरीच राहा. त्यांच्याकडे तेव्हा अंगठाच होता, त्यांच्यावर माझा राग नाही. तू गेलीस याचा मात्र आहे, आणि तो मी सोडणार नाही. तो आहे म्हणूनच कुणी कितीही गळ घातली तरी, शीर श्वासाबरोबर मिटताना दिसल्याशिवाय मी कुणाला घरी पाठवत नाही.

आजींची शहाळी बंद केली, इंजेक्शनं वाढवली, रोज पडद्यावर पाहत राहिले. त्यांची हळद चुकली. माझ्याशी बोलणंच टाकलं होतं त्यांनी. आज सकाळी शीर मिटली. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"मग जाऊ लग्नाला?"

"जा. पण शहाळंसुद्धा पाण्यातच मोजायचं."

"बरं बाय," म्हणाल्या, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मुलगा निघताना कॉटखालच्या शहाळ्यांतलंच एक माझ्या टेबलावर ठेवून गेला. तुम्हीच प्या आता, म्हणाला.

हे पत्र कुठे टाकणार मी, राहील इथेच खणात. शहाळं अजून समोर आहे. आजींच्या मुलाला मी सांगितलं, मला आवडत नाही. खोटं बोलले, आई. खूप आवडतं. तू गेल्यापासून प्यायलेच नाही.