उरलेलं मी घालीन

४ जानेवारी

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न.

तुझं माझ्याकडे कायमचं राहायला येणं पुन्हा लांबलं, आणि त्याला कारण माझं डोकं. समोरचा बेकरीवाला लाकडाची भट्टी काढून गॅसची बसवायला तयार झाला. निम्मा खर्च त्याचा, निम्मा गल्लीने वर्गणीतून द्यायचा. धूर गेला की तुझा दमा निवांत. जिन्याखाली फळा लावला, आठवड्यात अकरा नावं आली. पण मला धीर कुठला? मी खाली लिहिलं, ‘उरलेलं मी घालीन.’ तेव्हापासून बारावं नाव नाही. शिंपीकाका म्हणाले, सर देतायत म्हटल्यावर आम्ही कशाला मध्ये पडू? एकाने हमी घेतली की बाकीचे हात आखडतात, हे मी चाळीस वर्षं अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शिवाय उरलेलं घालण्याइतकं माझं पेन्शनही नाही.

लोभ असावा, विनाअट.
तुझा बापू

११ जानेवारी

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

अतिशहाण्या, फळ्यावर ‘पर्यावरणासाठी’ एवढंच लिहिलं असशील. माझा उल्लेख केलास का कुठे? बहिणीच्या खोकल्याची लाज वाटते काय? इथे रिकाम्या घरात भिंतींशी बोलून मी कंटाळले रे. ती हमी पूस आणि खरं काय ते लिही. नाहीच जमलं तर धुरात येईन, तू पंख्याने वारा घालत बस.

प्रकृतीला जप, डोक्याला थोडं जास्त.
तुझी ताई

२० फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न.

लाज खोकल्याची नव्हती, स्वार्थाची होती. समाजसेवेच्या नावाखाली मी स्वतःची सोय बघतोय हे कळलं तर कोण देणार, असं वाटायचं. शेवटी फळा पुसून लिहिलं, ‘माझ्या बहिणीला दमा आहे. तिने माझ्याकडे राहावं असं मला वाटतं. एकट्याला जमत नाही.’

चार दिवसांत फळा भरला. पहिले शिंपीकाका. वरच्या मजल्यावरची नर्स तर पुढच्या महिन्यात घर सोडून चाललीय, धूर गेला काय नि राहिला काय, तिला सारखंच. तिला म्हटलं, तू कशाला देतेस? म्हणाली, “सर, ताई येतायत ना?” माझ्या कुठल्याच धड्यात ही मुलगी बसत नाही.

काल नवी भट्टी सुरू झाली. खिडकी सताड उघडून हे लिहितोय. लवकर ये ताई, मला एकट्याला करमत नाही.

तुझा बापू