घरची शाळा, दुसरा हिवाळा

लाक-नोआर, मेन
७ मार्च

प्रिय जनीनताई,

तू बरी असशील, गुडघा फार छळत नसेल, असं धरून चालते. इथे आम्ही चौघं ठीक आहोत. बर्फ अजून खिडकीच्या चौकटीला टेकलेला आहे. आर्मंड लाकूडतोडीच्या तळावर असतो. शनिवारी येतो, जेवतो, झोपतो आणि रविवारी दुपारी जातो. नाताळात मुलींना घेऊन आईच्या थडग्यावर गेले होते. तुझ्या नावाचीही मेणबत्ती लावली.

जवळजवळ दीड वर्षाने पत्र आलं म्हणजे काम असणार, हे तू ओळखलं असशीलच. मुलींना घरी शिकवायचं तर वर्षाच्या शेवटी एखाद्या शिक्षकाने वह्या पाहून ‘प्रगती आहे’ असं शिक्षण कचेरीला लिहून द्यावं लागतं. गेल्या वर्षी नदीपलीकडच्या रस्त्यावर राहणाऱ्या एका निवृत्त बाईंनी दिलं. त्या आता लेकाकडे फ्लोरिडाला गेल्या. तूही शिक्षिकाच, यंदा तू देशील का? वह्या पोस्टाने पाठवते.

मिरेयच्या वह्या पाहून तुला बरं वाटेल. अपूर्णांक झाले, नदीचा नकाशा तिने स्वतः काढला, बटाटा काढणीवर चार पानं लिहिली. अकराव्या वर्षी मला चार ओळी येत नव्हत्या.

नोएमीच्या वह्याही नीटनेटक्या आहेत.

८ मार्च

काल इथे थांबले. आज सकाळी वाचून पाहिलं आणि शेवटच्या वाक्याची लाज वाटली. नीटनेटक्या आहेत, कारण त्या निम्म्या मिरेयने लिहिल्या आहेत.

ताई, नोएमी आठ वर्षांची झाली आणि तिला वाचता येत नाही.

मला कळलं जानेवारीत. मी तव्यावर प्लोयची धिरडी टाकत होते आणि ती टेबलाशी बसून मला अस्वलाच्या पिल्लाची गोष्ट वाचून दाखवत होती. घडाघडा, आवाज चढवून, उतरवून. मी वळून पाहिलं तर तिने एकदम दोन पानं उलटली होती. पण तोंडातून येत होतं ते मधल्या पानावरचं. एक शब्दही न चुकता.

मी शेगडी बंद केली. एका शब्दावर बोट ठेवलं. “हा कोणता गं?”

ती बोटाकडे वाकली. मग म्हणाली, “सुटा आला की मला ओळखू येत नाही, आई. ओळीत असला की आठवतो.”

मिरेयला विचारलं, तर ती म्हणते, “मला माहीत होतं. ती माझ्याकडून दोनदा वाचून घेते, की झालं पाठ. तू कधी विचारलंस?”

विचारलं नाही, कारण मला विचारायचं नव्हतं. हे आता लिहितेच. गावातली शाळा बंद पडली, बस सव्वा तास लांब नेते, म्हणून मुली घरी ठेवल्या, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही. ते खोटं नाही, पण ते कारणही नव्हतं. दोघी त्या लांबच्या शाळेत जायला लागल्या, त्या ऑक्टोबरात नोएमीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायला मी शाळेत गेले. वर्गाच्या दाराला काच होती. नोएमी पुस्तक धरून उभी होती, पोरं फिदीफिदी हसत होती, आणि ती? तीही हसत होती, त्यांच्याबरोबर, जणू विनोद तिनेच केला होता. मी तशीच हसायचे, आठवतं? घरी आल्यावर तू परातीत कुट्टूचं पीठ पसरायचीस आणि माझं बोट धरून अक्षरं काढून घ्यायचीस. बाबांना कळू दिलं नाहीस.

मी त्याच आठवड्यात दोघींची नावं काढली. मिरेयला शाळा आवडायची. पण धाकटीच एकटी घरी राहिली तर लोक विचारतील, म्हणून थोरलीलाही ठेवून घेतलं. शिकवायचं कसं याचा विचार नंतर केला. मलाच वाचताना ओळीखाली पट्टी धरावी लागते, आणि मी शिकवायला निघाले!

आईच्या अंत्यविधीनंतर भांडी विसळता विसळता तू म्हणालीस, “कोरीन, तू पोरींना शिकवत नाहीयेस, सोबतीला ठेवतेयस.” त्यावर मी जे बोलले, मूलबाळ नसलेल्या बाईने मला शहाणपण शिकवू नये म्हणून, ते मला रोज ऐकू येतं. या घरात दुसरं ऐकू येण्यासारखं फारसं काही नाही. घरी शिकवणाऱ्या दोन-तीन कुटुंबांचा गट आहे, तिकडे एकदा गेले होते. बायका चांगल्या होत्या. पण ‘तुमची धाकटी काय वाचते?’ असं एकीने सहज विचारलं, आणि मी परत गेले नाही. हळूहळू लोकांनी बोलावणं सोडलं.

गेल्या बुधवारी आणखी एक गोष्ट दिसली. मिरेय रोज दुपारी साडेतीनला चुलीतली राख टाकायला बाहेर जाते. मला वाटायचं, किती गुणाची पोर. त्या दिवशी राख मी सकाळीच टाकली होती. तरी ती बादली घेऊन निघाली. मी खिडकीतून पाहिलं. शाळेची बस आली, थांबली नाही, आपल्याकडे थांबायचं कारणच नाही. मागच्या खिडकीतून एका मुलीने हात हलवला. मिरेयने हलवला. बस दिसेनाशी झाल्यावरही ती रिकामी बादली धरून तिथेच उभी होती.

आत आल्यावर मी म्हटलं, “तुला परत जायचंय का शाळेत?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस इतके दिवस?”

ती बूट काढत होती. वर न बघता म्हणाली, “तू एकटी पडशील ना.”

अकरा वर्षांची पोर, ताई. आणि तुझं म्हणणं खरं होतं.

१० मार्च

आज मिरेय गेली. शाळेला फोन केला होता, त्यांनी काही खोदून विचारलं नाही. सकाळी बस दारात थांबली, तेव्हा तिने मला मिठी मारली नाही, धावतच सुटली. बरं झालं. नोएमी आत टेबलाखाली बसून होती. “मला नाही ना पाठवणार?” म्हणाली. मी ‘नाही’ म्हटलं. त्या वर्गात आत्ता तरी नाही. पण माझ्या एकटीच्या हातीही नाही. पाठांतरावर तिला वाढवायची नाही.

म्हणून आता मला ‘प्रगती आहे’ अशी तुझी सही नको. वह्या पाठवते, त्यातलं कोणाचं अक्षर काय ते तुला कळेलच. कचेरीला जे खरं आहे तेच लिही. मग जे काय व्हायचं ते होऊ दे. आणि एप्रिलच्या सुट्टीत ये. तिला कुठून सुरुवात करायची ते बघ, मला शेजारी बसून शिकव. उन्हाळ्यात म्हणशील तर तिला घेऊन मी तुझ्याकडे येते. नोएमीला मी सांगितलं, “तुझ्या आईलाही असंच व्हायचं.” ती टेबलाखालून बाहेर आली. म्हणाली, “मग तुला कोणी शिकवलं?” मी तुझं नाव सांगितलं. मावशी कशी दिसते हे तिला नीटसं आठवत नाही.

पत्र मिरेयला तपासायला दिलेलं नाही, चुका असतील.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही.

तुझी धाकटी,
कोरीन