आतली कडी

मंगळवार, संध्याकाळ

ठेकेदार आज हसला. "मॅडम, एका कडीनं काय होतंय?" झोपड्या पाडल्यावर वस्तीतल्या या बायकांना चिखलीच्या पत्राशेडमध्ये आणून टाकलं, आणि न्हाणीच्या दाराला आतून कडीच नाही! एकजण अंगावरच्या कपड्यांनिशी घाईत अंघोळ उरकते, दुसरी बाहेर राखण करते; तरी परवा एका पुरुषानं दार ढकललंच. आमच्या संस्थेच्या ऑफिसला माझ्याकडून या बायकांसाठी महिला-सुरक्षेवर व्याख्यान हवं होतं. म्हटलं, आधी कडी. शेवटी ड्रिल घेऊन मीच बसवली. आगाऊपणा झाला का? होऊ दे.

मग त्यांच्यातल्या शकीलाभाभी अंघोळीला गेल्या. सवयीनं मी बाहेर राखणीला उभी. खट्कन कडी लागली. आतून भाभींचा आवाज आला, "ताई, तुम्ही जावा आता. आज मला डोक्यावरून न्हायचंय."